सत्त्याण्णव किलोंचा नवस

माणसाचं वजन ही त्याची खासगी बाब असते, असं मी चोपन्न वर्षं समजत होतो. आज माझं वजन बडोद्याच्या वासण्यातल्या आमच्या सोसायटीच्या त्रेचाळीस कुटुंबांना, वॉर्डातल्या आरोग्य केंद्राला, मांडवीजवळच्या एका देवळाच्या ट्रस्टला आणि प्रत्यक्ष गणपतीला ठाऊक आहे. यांपैकी गणपतीबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याने ते कुणाला सांगितलं नाही, आणि पोटाच्या विषयात त्याने दुसऱ्याला बोलावं अशी त्याची परिस्थितीही नाही.

सुरुवात चतुर्थीच्या सकाळी झाली. लिफ्ट बंद होती. आमच्या सोसायटीत लिफ्ट चालू असली तर लोक एकमेकांना फोन करून कळवतात, त्यामुळे यात नवल नव्हतं. फूटभर उंचीची शाडूची मूर्ती पाटावर घेऊन मी तिसऱ्या मजल्याकडे निघालो आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गणपतीसकट पायरीवर बसलो. छातीचा भाता चालू, कपाळावरचा घाम देवाच्या उपरण्यावर. वर दारात कमलाआत्या भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिने कठड्यावरून वाकून पाहिलं आणि काही बोलली नाही.

आत्या काही बोलत नाही तेव्हा घाबरावं. अडतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलेली बाई आहे. लग्न केलं नाही, आमच्याकडेच असते, वय एकोणऐंशी, वजन बेचाळीस. माझे वडील म्हणजे तिचा धाकटा भाऊ. ते छपन्नाव्या वर्षी भाजीची पिशवी हातात धरून जिन्यातच गेले, आणि त्या दिवशीही वर दारात आत्याच उभी होती. हे मी एकदाच सांगतो आणि पुढे जातो.

आरती झाली. आत्याने हात जोडले आणि वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात देवाला सांगितलं, "याच्या कारखान्यातल्या डॉक्टरांनी परवा काटा केला. सत्त्याण्णव भरलाय. साखर काठावर आहे. याला नव्वदच्या आत आण. तुझ्यासमोर याची सत्त्याण्णव किलो गुळाने तुला करीन. आणि तोवर मी गोड खाणार नाही."

आपल्या वाट्याचा प्रसादाचा मोदक तिने माझ्या बायकोच्या, निरुपमाच्या, ताटात ठेवला. निरुपमाने तो माझ्या ताटापासून लांब सरकवला.

शेजारचे किरीटभाई आरतीला हजर होते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते शहरातल्या सर्व आरत्या, बेसणी म्हणजे शोकसभा, आणि वास्तुशांती सांभाळतात. त्यांच्यामुळे ही बातमी खाली पार्किंगमध्ये माझ्या आधी पोचली. संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर माझं स्वागत झालं. सल्ला फुकट होता आणि भरपूर होता. एकाने सकाळी कोमट पाणी सांगितलं, दुसऱ्याने गार. एका बहेनजींनी मेथीचे दाणे गिळायला सांगितले, त्यांच्या जावेने ते चावायला सांगितले, आणि त्या दोघी तेव्हापासून एकमेकींशी बोलत नाहीत असं ऐकतो. किरीटभाईंचं मत सर्वांत दिलासादायक होतं.

"हेरंबभाई, टेन्शन नहीं लेवानुं," ते फाफड्यांचा पुडा पुढे करत म्हणाले. "वजन तो पाणीनुं होय छे. अने आ तो बेसन छे. प्रोटीन."

मी दोन आठवडे प्रोटीनवर काढले. वजन साडेसत्त्याण्णव झालं.

दरम्यान आत्या मांडवीजवळच्या देवळात जाऊन तुलेसाठी अर्ज भरून आली होती. माघातल्या गणेशजयंतीचा दिवस मिळाला होता. अर्जाची पोच आणायला मी गेलो तेव्हा ट्रस्टचे कारकून बळवंतराव यांनी ती माझ्या हाती दिली आणि सांगितलं, "दाखला लागेल. वजनाचा. सरकारी डॉक्टरचा."

"वजनाचा दाखला असा नसतो हो."

"दोन वर्षांपूर्वी एका यजमानांनी खिशात शिशाचे गोळे घालून तुला केली. पुण्य जास्त मिळावं म्हणून. तेव्हापासून दाखला लागतो."

म्हणून मी आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या डॉक्टर अवंती तरुण होत्या, मराठी होत्या, आणि वजनाच्या दाखल्याचा नमुना त्यांच्याकडे एकच होता. तो कुपोषित बालकांसाठी होता. त्यात माझं वय बसेना. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "काका, लठ्ठपणाविरोधी मोहीम सुरू झालीय. त्यात नाव घातलं तर दर सोमवारी वजन नोंदलं जाईल. मग मी त्यावरून लिहून देऊ शकेन."

"घाला."

त्यांनी मोबाइलवर नाव घातलं. मोबाइलने ते परत केलं. मोहीम सामुदायिक असल्यामुळे एकटा माणूस घेत नाहीत, किमान दहा लागतात. एकट्याने लठ्ठ असण्याची सोय सरकारने ठेवलेली नव्हती.

नऊ माणसं गोळा करणं मला अवघड गेलं, कारण सोसायटीत जो तो मलाच लठ्ठ समजत होता. शेवटी मोहिमेत पिवळा टी-शर्ट मिळतो हे किरीटभाईंना कळलं, आणि संध्याकाळपर्यंत मला धरून आठ नावं झाली. नववी निरुपमा. दहावं नाव मिळेना, तेव्हा जागा भरायला म्हणून आत्याचं घातलं. गटप्रमुख मी झालो. मोहिमेच्या भाषेत त्याला 'आरोग्यमित्र' म्हणतात. मापाचा टी-शर्ट मात्र मला मिळाला नाही. लठ्ठपणाच्या मोहिमेत सर्वांत मोठं माप 'एल' होतं.

आता घरातली हकिगत. गोड सोडायचं म्हणजे माणूस फार तर मिठाई सोडेल. पण आत्याने आयुष्यभर विद्यार्थ्यांना पळवाटा काढू दिल्या नाहीत, ती स्वतःला कशी देईल? पहिल्या दिवशी चहातली साखर गेली. मग बडोद्यातल्या आमट्यांत गूळ असतो म्हणून आमटी गेली. केळं गोड म्हणून केळं गेलं. नवरात्रात तिच्या लक्षात आलं की दूध मुळातच गोड असतं. दिवाळीपर्यंत ती भाकरी, मेथी आणि ताक एवढ्यावर आली होती, आणि ताक आंबट असल्याची खात्री करूनच घेत होती. मी देवळातल्या गुरुजींना फोन करून नवसात काही सवलत असते का विचारलं. नवस बोलणाऱ्याची वाचा आणि आपलं वजन या दोन गोष्टी दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, असं त्यांनी सांगितलं.

मी स्वस्थ बसलो नव्हतो. तीन दिवस मी फक्त फळं खाल्ली, आणि चौथ्या दिवशी वाघोडियाला कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये काय खाल्लं ते इथे लिहीत नाही. गरब्यात वजन उतरतं म्हणून नऊ दिवस गरबा खेळलो. गरबा एक तास आणि नंतर सेवउसळ, असा त्याचा क्रम असतो हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. दुधीचा रस प्यालो. किरीटभाईंनी कुठूनसा आणलेला थरथरणारा पट्टा कमरेला बांधला, तर पोटाऐवजी चष्मा गळून पडला.

दिवाळीनंतरच्या सोमवारी गटाची पहिली आढावा बैठक होती. मोबाइलने सर्वांची वजनं आधीच्या नोंदींशी ताडून निकाल दिला. नऊ जणांचं वजन जिथल्या तिथे होतं किंवा वाढलं होतं. एका सदस्याचं चार किलोंनी कमी झालं होतं. टिंगटिंग असा आवाज होऊन सगळ्यांच्या फोनवर फुलांसकट संदेश आला, 'अभिनंदन! कमला पागे, आपण आपल्या गटाचे प्रेरणास्थान आहात!'

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्याने शाळेतल्या सवयीने हात वर करून टाळ्या थांबवल्या.

डॉक्टर अवंतींनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्यांनी आत्याला पुन्हा काट्यावर उभं केलं, अडतीस आकडा पाहिला, आणि मला आत बोलावून दार लावलं.

"काका, तुमच्या घरात चुकीचं माणूस बारीक होतंय."

"मला माहीत आहे."

"अजून तीन-चार किलो गेले तर त्यांना उठवणार बसवणार नाही. या वयात हे सोसत नाही."

आत्तापर्यंत मला माझ्या वजनाची लाज वाटत होती, आता भीती वाटली. मी म्हणालो, "मी आळशी आहे हो. तोंडावर ताबा नाही. सगळे म्हणतात तेच खरं."

"असं कुणी सांगितलं?" त्या जरा चिडल्याच. "हा आजार आहे. लांब पल्ल्याचा. ब्लडप्रेशरवाल्याला आपण आळशी म्हणतो का? तुम्ही किती वाजता उठता, काय खाता, कारखान्याची बस किती वाजता येते, झोपेत घोरता का, सगळं सांगा."

मी सांगितलं. गेल्या दोन महिन्यांत सोसायटीतल्या त्रेचाळीस कुटुंबांनी मला उत्तरं दिली होती. प्रश्न कुणी विचारला नव्हता.

रक्ताच्या तपासण्या झाल्या. घोरण्याची तपासणी झाली. त्यानंतर डॉक्टरांनी जे सांगितलं ते इतकं नीरस होतं की बाकावर सांगायची सोय नव्हती. ताटात अर्धी भाजी. दोनच पोळ्या. संध्याकाळचं जेवण साडेसातच्या आत. बसच्या दोन थांबे आधी उतरून चालत घरी. बाकावर बसायचं, पण पुडा समोर असेल तर उभं राहायचं. चुकलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, प्रायश्चित्त नाही. कुठे मेथी नाही, मंत्र नाही, पट्टा नाही. किरीटभाईंनी ऐकून विचारलं, "बस, आटलुंज?" 'एवढंच?' म्हणतानाची त्यांची निराशा मला समजली.

पण काटा हलला. पहिल्या आठवड्यात सातशे ग्रॅम, मग पाचशे, मग काहीच नाही, मग आठशे. आणि एकदा तो हलल्यावर माझ्यातला आरोग्यमित्र जागा झाला. तो जागा व्हायला नको होता, हे आता कळतं. मी बाकावर बोलू लागलो. सॉसच्या बाटलीत साखर किती, बिस्किटात किती, 'हा तर नुसता गूळ आहे' असं म्हणून आपण स्वतःला कसं फसवतो. गूळ म्हणजे तपकिरी कपडे घातलेली साखर, हे वाक्य माझं. ते मी निदान वीस वेळा बोललो. टी-शर्ट न घेता लोक गटात येऊ लागले. माघापर्यंत सगळी सोसायटी मोहिमेत होती आणि वाढदिवसाला काकडी कापली जात होती.

उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीचा, दिवस कठीण गेला. गच्चीवर उंधियूचं पातेलं, जिलेबीची परात, चिक्कीचे डबे. मी दिवसभर किरीटभाईंच्या पतंगाची फिरकी धरून पातेल्याकडे पाठ करून उभा राहिलो. दुपारी निरुपमाने मला वाटीभर उंधियू आणून दिला आणि म्हणाली, "अहो, एवढा घ्या. डॉक्टरांना विचारलंय मी." लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण इतकं प्रेमाचं ती क्वचितच बोलली असेल.

पुढच्या सोमवारी काट्यावर एकोणनव्वद पूर्णांक चार आलं. डॉक्टरांनी मला खाली उतरवून पुन्हा चढवलं. तेवढंच.

दाखला घेऊन मी त्याच दिवशी बळवंतरावांकडे गेलो. त्यांनी अर्ज काढला, दाखला शेजारी ठेवला, आणि दोन्हीकडे खूप वेळ पाहिलं.

"अर्जात सत्त्याण्णव आहे. दाखल्यात एकोणनव्वद. जमत नाही."

"अहो, वजन कमी झालं म्हणूनच तर तुला आहे."

"ते तुमचं आणि देवाचं. माझ्याकडे आकडा जुळायला हवा. अर्जात बदल करायचा तर विश्वस्तांची सभा लागते, ती चैत्रात." मग दया येऊन ते म्हणाले, "नाहीतर पुढल्या वर्षीची तारीख घ्या. तोवर वाढेल वजन."

चैत्रापर्यंत आत्या मेथीवर. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी एका कागदावर लिहून दिलं की सदर इसम भाद्रपदात सत्त्याण्णव होता व सध्या तो एकोणनव्वद आहे, आणि दोन्ही वेळा तो एकच इसम आहे. बळवंतरावांनी तिन्ही कागदांना टाचणी मारली.

तुलेच्या दिवशी देवळात सोसायटी लोटली होती. लाकडी तराजू जुना, संस्थानच्या काळातला. एका पारड्यात गुळाच्या ढेपी रचून गुरुजींनी संकल्प सोडला. मी नवं धोतर नेसून दुसऱ्या पारड्यात बसलो. गुळाचं पारडं जमिनीला टेकलं आणि मी वर गेलो. तिथेच राहिलो.

दोन्ही पारडी समान झाल्याशिवाय मंत्र पुरा होत नाही. आणि देवाला वाहिलेला गूळ काढून घेता येत नाही. आकडा सर्वांना आधीपासून माहीत होता, वजाबाकी एकानेही केली नव्हती, आणि आमच्या घरात तर निरुपमा गणिताची शिक्षिका आहे. मी जमिनीपासून तीन फुटांवर पाय लोंबकळत होतो. किरीटभाई खालून व्हिडिओ काढत होते आणि 'हलू नका' असं सांगत होते.

"यजमानांकडे वजन घाला," गुरुजी म्हणाले.

समोरच्या दुकानातून किलोकिलोच्या सात भेल्या आल्या. त्या एकेक करून माझ्या मांडीत ठेवल्या गेल्या. तरी थोडं कमी पडलं. तेव्हा आत्या पुढे आली आणि तिने आपली पिशवी, आत पोथी, छत्री आणि औषधांचा डबा होता ती, माझ्या मांडीत दिली. पारडी हळूहळू समोरासमोर आली.

मंत्र लांब होता. सात भेल्या आणि पिशवी सांभाळताना पाच मिनिटांत माझे खांदे भरून आले, मांड्यांना मुंग्या आल्या. आणि माझ्या मनात आलं की हे एवढं ओझं मी वर्षानुवर्षं तीन मजले चढवत होतो आणि उतरवत होतो, एकदाही खाली न ठेवता. मला स्वतःची फार कीव आली. लाज नाही, कीव. माझ्या वडिलांची तर त्याहून जास्त आली.

मी उतरलो. गुरुजींनी गुळाचा पहिला खडा आत्याच्या हातावर ठेवला. तिने तो तोंडात घातला आणि डोळे मिटले. पाच महिन्यांनी तिच्या जिभेला गोड लागत होतं. आत्याने डोळे उघडले.

"जरा खारट आहे," ती म्हणाली.

मी तिथेच, धोतरात, सगळ्यांसमोर रडलो.

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती. पण गूळ संपला नव्हता. त्याच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या करून आम्ही सोसायटीत वाटल्या. प्रत्येकाने दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, चिमूटभर तोंडात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात किरीटभाई उभे होते, हातात चार पिशव्या.

"हेरंबभाई, प्रसाद लई लीधो. पण आ तो..." ते संकोचले. "तपकिरी कपडे घातलेली साखर ना?"

रविवारपर्यंत गूळ परत आला. कुणी दारात ठेवून गेलं, कुणी लिफ्टमधून वर पाठवला. नेमकी त्या दिवशी लिफ्ट चालू होती. मांडीतल्या सात भेल्याही आल्या. सोफ्याच्या मागे, दिवाणाखाली, पलंगाखाली गूळ झाला. प्रसाद टाकता येत नाही, विकता येत नाही. आत्या रोज एक खडा खात होती. त्या हिशेबाने तिला अजून सत्तर-ऐंशी वर्षं लागली असती.

डॉक्टर अवंतींनीच मार्ग काढला. केंद्रात कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर बायकांना शेंगदाण्याचे लाडू देतात, त्याला गूळ हवा होता. मी सोमवारी किरीटभाईंच्या गाडीतून सगळा गूळ नेला. परिचारिकेने नोंदवही काढली.

"किती किलो?"

"शंभराच्या आसपास."

"आसपास चालत नाही. वजन करून लिहावं लागतं."

बाळांचा काटा दुरुस्तीला गेला होता. उरला मोहिमेचा काटा, आणि तो नाव घातल्याशिवाय चालत नाही, कारण तो माणसांसाठी आहे. तिने माझं नाव घातलं. मी पंधरा पिशव्या कवेत घेऊन चढायचं, मग आकड्यातून मला वजा करायचं, असं ठरलं. मी चढलो. आकडा आला, सत्त्याण्णव.

तिने वजाबाकी वहीत लिहिली. मोबाइलला वजाबाकी येत नव्हती. टिंगटिंग वाजलं आणि सगळ्या सोसायटीच्या फोनवर संदेश गेला, 'आरोग्यमित्र हेरंब पागे यांचे वजन ९७ किलो. निराश होऊ नका! पुन्हा सुरुवात करा!'

आत्याच्या फोनवरही गेला असणार. ती गटाचं प्रेरणास्थान होती आणि प्रत्येक संदेश चष्मा लावून वाचत होती. मी घरी फोन लावला. ती उचलत नव्हती. दुपारचे चार वाजले होते, तिच्या चहाची वेळ, आणि सत्त्याण्णव वाचल्यावर ती त्यात साखर घालेल याची खात्री नव्हती. मी पिशव्या किरीटभाईंच्या हातात कोंबल्या, समोर दिसली ती रिक्षा पकडली आणि सोसायटीत उतरलो. लिफ्ट बंद होती.

मी जिन्याने पळालो. पहिला मजला, दुसरा, वळण, तिसरा. दार उघडंच होतं. आत्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. कप भरलेला, मोबाइल शेजारी, आणि साखरेच्या डब्याचं झाकण तिच्या हातात.

"आत्या, तो गूळ होता. माझ्या हातात गूळ होता, म्हणून तेवढं भरलं. माझं साडेएकोणनव्वदच आहे. डॉक्टरांना विचार," मी एका दमात सांगितलं.

तिने माझ्या मागे, उघड्या दारातून दिसणाऱ्या जिन्याकडे पाहिलं.

"लिफ्ट चालू आहे?"

"नाही."

"पळत आलास?"

"हो."

तिने जवळ येऊन माझ्या छातीवर हात ठेवला. लहानपणी ताप पाहायला ठेवायची तसा, बराच वेळ ठेवला. मला धाप लागली नव्हती, हे माझ्याही तेव्हाच लक्षात आलं.

"मशीनला काय कळतंय," ती म्हणाली, आणि तिने चहात दोन चमचे साखर घातली.